जकार्तातील शब्दांची वस्ती

काही वर्षांपूर्वी सरकारी कामाच्या निमित्ताने इंडोनेशियाची भाषा शिकण्याचा प्रसंग माझ्यावर आला. कचेरी सुटल्यावर मी शिकवणीला जात असे. शहरातील नित्याच्या व्यवहाराचे शब्द आम्हांला आधी शिकवले जात. एके दिवशी शिक्षकांनी विचारले, "आपले 'देसा' कोणते?" संस्कृतच्या बळावर मी निःशंकपणे सांगितले, "भारत." ते हसून म्हणाले, "एवढे मोठे खेडे मी अद्याप पाहिलेले नाही."

'देसा' म्हणजे खेडे, आणि राष्ट्राला शब्द 'नेगारा'. आपला देश तेथे जाऊन खेडे झाला आणि आपले नगर राष्ट्र होऊन बसले! घाटमाथ्यापलीकडच्या मुलखाला नुसते 'देश' म्हणणाऱ्या कोकणी माणसाला पहिल्या गोष्टीचे फारसे नवल वाटू नये. दुसरीमागे मात्र जुन्या जावाची राज्यकल्पना आहे. तेथे राजधानी हेच राज्याचे सर्वस्व, म्हणून नगर म्हणजे शहरही आणि राज्यही. मजपहितच्या दरबारात १३६५ साली प्रपंच नावाच्या कवीने रचलेले काव्य 'नागरकृतागम' म्हणून प्रसिद्ध आहे. कवी स्वतः मात्र त्याला 'देशवर्णन' म्हणतो. राजाच्या प्रवासात लागलेल्या गावांची आणि मुलखांची हकीकत त्यात आहे. एकाच ग्रंथाच्या दोन नावांत हे दोन्ही शब्द असे शेजारी बसले आहेत.

मग शहराला काय म्हणायचे? 'कोता', म्हणजे आपला कोट. जकार्ताचे जुने नाव जयकर्ता; ते १५२७ च्या विजयाचे स्मारक. १६१९ साली डच कंपनीने ते गाव जाळले आणि त्या जागी तटबंदीचे बटाव्हिया वसवले. तट केव्हाच गेले, तरी शहराच्या त्या जुन्या भागाला आणि तेथल्या रेल्वे स्थानकाला आजही 'कोता' म्हणतात. तट पडून शतक उलटल्यावरही 'कोटात जातो' म्हणणाऱ्या जुन्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

या डच कोटात डच भाषाच कानी पडत असेल, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती निराळी होती. बंगाल, चोळमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यांवरून कंपनीने गुलाम म्हणून आणलेले कित्येक लोक मोडकी पोर्तुगीज बोलत. सतराव्या शतकात बटाव्हियाच्या घराघरांत ही बोली चाले. अशा लोकांसाठी तटाबाहेर बांधलेले १६९५ चे चर्च अद्याप उभे आहे. इंडोनेशियन भाषेतले पोर्तुगीज शब्द मात्र त्याही आधीपासूनचे. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले, तेव्हापासून मलाय बोलीत ते मिसळत आले होते. खिडकी 'जंदेला', चर्च 'गरेजा', शाळा 'सकोला'. ज्याच्या घराला 'जनेल' आणि गावात 'इगर्ज' आहे, अशा गोव्याच्या माणसाने हे शब्द मुद्दाम पाठ करण्याचे कारण नाही.

दुकानाला 'तोको' म्हणतात. हा शब्द दक्षिण चीनच्या व्यापाऱ्यांचा. ज्यांच्या दुकानांवर शहर जगत होते त्या चिन्यांची ऑक्टोबर १७४० मध्ये तटाच्या आतच कत्तल झाली. हजारो माणसे मारली गेली. उरलेल्यांना कोटाबाहेर ग्लोदोक येथे वस्ती नेमून दिली. 'तोको' हा साधा शब्द उच्चारताना मला ग्लोदोक आठवल्यावाचून राहत नाही.

आमच्या धंद्याचा शब्द 'कांतोर'. तो सरळ डच आहे, आणि स्वातंत्र्यानंतरही त्याला कोणी हाकलले नाही. दुरुस्तीच्या कारखान्याला 'बेंकेल' म्हणतात. मूळ डच शब्दाचा अर्थ मात्र दुकान. आगगाडी 'करेता आपी', यातील गाडी पोर्तुगीजांची आणि आग मलाय! पारिभाषिक शब्दांच्या सरकारी याद्या चाळण्यात माझी काही वर्षे गेली आहेत. एकेका रूढ शब्दाच्या हकालपट्टीसाठी आम्ही किती दुपारी खर्च केल्या, हे आठवले की 'कांतोर' पाहून मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

तेथील तरुणांपुढेही भाषेचा प्रश्न होता. पण त्यांनी तो दुसऱ्या टोकाकडून सोडवला. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी, याच बटाव्हियात, त्यांनी ऐक्याची भाषा म्हणून जी निवडली ती बहुसंख्यांची जावानीज नव्हे, किंवा त्यांच्यापैकी अनेक जण ज्या डच भाषेत शिकले होते ती डचही नव्हे. ती होती मलाय, बंदरांची आणि बाजाराची बोली. बाजार म्हणजे 'पासार', हा फारसी शब्दही त्या बोलीत होताच. तिचे नाव ठेवले 'बाहासा इंदोनेशिया', आणि 'बाहासा' म्हणजे आपली भाषा.

आता एकच शब्द राहिला. संस्कृतातील 'महर्द्धिक' म्हणजे समृद्ध, थोर. द्वीपसमूहात जाऊन त्याचे 'मर्देका' झाले आणि दास्यातून सुटलेल्या माणसाला ते नाव मिळाले. डचांनी त्याचेच 'मार्डाइकर' केले. कोटाबाहेरच्या त्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमणारे, आपल्या किनाऱ्यांवरून आणलेल्यांचे वंशज, ते हेच. शहराच्या मध्यभागी एक विस्तीर्ण पटांगण आहे. डच अमदानीत त्याला राजाचे मैदान म्हणत. १७ ऑगस्ट १९४५ च्या घोषणेनंतर महिन्याभराने, १९ सप्टेंबरला, जपानी सैनिकांच्या संगिनींसमोर लोक तेथे प्रचंड संख्येने जमले. पुढे त्या जागेचे नाव बदलले. आता ते 'मेदान मर्देका' आहे.