आधी लहान, मग मोठे : थर्मोकोलच्या विमानाची गोष्ट

विमानाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा १७ डिसेंबर १९०३ या दिवसापासून सुरुवात करतो. राइट बंधूंचे विमान उडाले, पुढे विमाने मोठी होत गेली आणि त्यांच्या छोट्या नकला मुलांच्या खेळण्यांत आल्या, असा क्रम विद्यार्थ्यांच्या मनात तयार होतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. खेळण्यातले विमान आधी उडाले. इंजिनाच्या जोरावर माणसाला घेऊन जाणारे विमान त्यानंतर ३२ वर्षांनी आले. विजेवर चालणाऱ्या विमानांच्या बाबतीतही असेच घडले. आज मैदानात हाताने सोडले जाणारे, अर्धा किलो वजनाचे, फोमचे रेडिओनियंत्रित विमान या जुन्या परंपरेचा ताजा वारस आहे.

पनवेल परिसरातील शाळांना हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पनवेल तालुक्यातील उलवे-पारगाव भागात उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. मोठी विमाने दारात आली, आणि त्याच कारणाने छोट्या विमानांचे आकाश आक्रसले. हे नुकसान किती आहे हे समजण्यासाठी छोट्या विमानांनी आजवर काय शिकवले ते आधी पाहू.

सोळा ग्रॅमचे विमान

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो या २१ वर्षांच्या तरुणाने जाणकारांसमोर एक छोटे विमान उडवून दाखवले. त्याचे वजन सुमारे १६ ग्रॅम होते आणि पंखांचा विस्तार ४५ सेंमी. पिळलेला रबर उलगडताना त्याचा प्रोपेलर फिरवीत असे. विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले.

अंतर थोडे, पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. विमान कोणीही सावरत नसताना स्थिर राहिले. पेनोने मागे एक छोटी आडवी शेपटी बसवली होती आणि तिचा कोन मुख्य पंखापेक्षा थोडा कमी ठेवला होता. विमानाचे नाक वर गेले की हवा शेपटीला वर ढकलते आणि नाक पुन्हा खाली येते. नाक फार खाली गेले तर याच्या उलट घडते. आज थर्मोकोलचा साधा ग्लायडर करतानाही आपण हीच रचना वापरतो, आणि मोठ्या प्रवासी विमानाची शेपटीही मुळात हेच काम करते. पेनो १८८० मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. माणसाचे उड्डाण पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्याचे एक खेळणे मात्र अमेरिकेत पोहोचले. १८७८ मध्ये राइट कुटुंबातील वडिलांनी आपल्या मुलांसाठी पेनोच्या धर्तीचे, रबरावर उडणारे हेलिकॉप्टर आणले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात. मुलांनी त्याच्या मोठमोठ्या नकला करून पाहिल्या. पण नक्कल जितकी मोठी, तितकी ती वाईट उडे. खेळणे दुप्पट मोठे केले तर त्याला आठपट शक्ती लागते हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

हे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. लांबी, रुंदी आणि जाडी दुप्पट केली की वजन आठपट होते, पण पंखाचे क्षेत्रफळ चारपटच वाढते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येतो. तो पेलायला वेग सुमारे १.४ पट हवा. आठपट वजन १.४ पट वेगाने न्यायचे, म्हणजे लागणारी शक्ती अकरापटीच्या पुढे जाते. सॅम्युएल लँग्ली या अमेरिकी शास्त्रज्ञाला हा फरक महागात पडला. ६ मे १८९६ रोजी त्याचे वाफेच्या इंजिनाचे, चालकाविना उडणारे विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. त्याच धर्तीचे माणूस नेणारे मोठे विमान मात्र १९०३ मध्ये दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत कोसळले.

चौपाटीची कथा आणि कसोटी

महाराष्ट्रात विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे सांगितले जाते. त्या उड्डाणाचा तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा मात्र हाती आलेला नाही. या कथेबरोबर ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा दाखलाही दिला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णन केलेल्या विमानांत उडण्याचे गुणधर्म नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून तो संपवू नये. पेनोच्या विमानाचे वजन, अंतर आणि वेळ आपल्याला माहीत आहे. त्याची रचना कोणालाही पुन्हा करून पाहता येते. विमानाचे कोणतेही चित्र समोर आले तर थर्मोकोलचा तुकडा, पाते आणि डिंक घेऊन ते तासाभरात बनवावे आणि फेकून पाहावे. लहान विमान ही कोणत्याही दाव्याची सर्वांत स्वस्त कसोटी आहे.

रेडिओ आला

सोडलेले विमान परत बोलावण्याची सोय मात्र पेनोपाशी नव्हती. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओलहरींनी चालणारी छोटी नौका दाखवली. छोट्या विमानात ही सोय यायला आणखी चार दशके लागली, कारण निर्वात नळ्यांचा ग्राहक आणि त्याच्या बॅटऱ्या फार जड होत्या. १९३७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचे रेडिओनियंत्रित विमान उडवले. ते सुमारे चार किलोचे होते आणि त्याचे पंख अडीच मीटरच्या आसपास होते.

पुढील काळात या छंदाचे रूप ठरून गेले. हलके बाल्सा लाकूड, त्यावर ताणलेला कागद किंवा कापड, आणि मिथेनॉल व एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालणारे छोटे इंजिन. आपल्याकडे एन.सी.सी.च्या हवाई विभागातील छात्रांनी अशी विमाने हाताळली. पण बाल्सा दक्षिण अमेरिकेतला, इंजिन आणि रेडिओसंच महाग. महिनाभर खपून केलेले विमान एका चुकीने जमिनीवर आदळले की चुराडा होई. साध्या शाळेतील मुलाला हा खेळ परवडण्यासारखा नव्हता.

चार ओझी उतरली

इंजिनाऐवजी विजेची मोटर लावावी ही कल्पना जुनी आहे. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विजेवर चालणारे रेडिओनियंत्रित विमान उडवले. त्यात चांदी आणि जस्ताचे विद्युतघट होते. फ्रेड मिलिट्की यांनी १९६० च्या सुमारास छोट्या विद्युतमोटरीचे मॉडेल बाजारात आणण्यास मदत केली, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९७३ मध्ये ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेवरचे विमान काही मिनिटे उडाले. पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९७४ रोजी, कॅलिफोर्नियात रॉबर्ट बाउचर यांचे ‘सनराइज’ हे चालकविरहित विमान केवळ सौरऊर्जेवर उडाले. बाउचर हे मॉडेल विमानांच्या मोटरी बनवणारे गृहस्थ. येथेही लहान आधी आणि मोठे मागाहून.

तरीही विजेचे विमान सर्वांचे व्हायला आणखी तीस वर्षे गेली. त्यासाठी चार ठिकाणचे ओझे उतरावे लागले.

पहिले मोटरीचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे प्रबळ चुंबक तयार झाले, आणि तेवढ्याच वजनाची मोटर कितीतरी अधिक शक्ती देऊ लागली. २००० नंतर युरोपातील छंदिष्टांनी संगणकाच्या सीडी-ड्राइव्हमधील मोटरी काढून, त्यांवर नवी तार गुंडाळून आणि नवे चुंबक बसवून ब्रशविरहित मोटरी घरी बनवल्या.

दुसरे बॅटरीचे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. ती आली व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी, वाढली मोबाइल फोनमुळे, आणि तिच्या जनकांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. निकेल-कॅडमियम बॅटरीत किलोमागे सुमारे ५० वॉट-तास ऊर्जा मावते. छोट्या विमानातील लिथियम-पॉलिमर बॅटरीत ती १३० च्या आसपास असते.

तिसरे रेडिओचे. एकाच वारंवारतेवर दोघांनी संच सुरू केले की एकाचे विमान कोसळत असे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील नव्या संचांनी ही अडचण दूर केली. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये हा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याविना खुला केला.

चौथे सांगाड्याचे. थर्मोकोल मराठी घरांना मखरामुळे परिचित. तापलेल्या तारेने तो लोण्यासारखा कापता येतो. त्याच्या आकारमानाचा जवळजवळ ९८ टक्के भाग हवाच असते. पुढे पॉलिप्रॉपिलीनचा लवचीक फोम आला. तो आदळला तर दबतो आणि बराचसा पूर्ववत होतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीच्या वस्तूंवर बंदी आली. तेव्हा शाळेसाठी नवा थर्मोकोल आणण्यापेक्षा खोक्यांतून आलेला टाकाऊ थर्मोकोल वापरणे इष्ट.

मजा कशात आहे

एक मीटर पंखांचे, अर्धा किलोचे विमान घेऊ. पंखाचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरले तर दर चौरस मीटरवर भार २.५ किलो. एअरबस ए-३२० चे वजन ७८ टनांपर्यंत आणि पंख सुमारे १२२ चौरस मीटर. तेथे भार ६४० किलोच्या घरात. गुणोत्तर सुमारे २५० आणि त्याचे वर्गमूळ जवळपास १६. पंखांची उचलण्याची क्षमता सारखी धरली तर छोटे विमान सोळापट कमी वेगाने तरंगू शकते. तो वेग निघतो ताशी २३ किमी, म्हणजे जोरात चालवलेल्या सायकलीइतका.

सारी मजा या एका आकड्यात आहे. विमान डोळ्यांदेखत, विचार करायला वेळ देत फिरते. त्या वेगाने ते जमिनीला टेकले तर त्याची गतिज ऊर्जा १० जूल, म्हणजे अर्ध्या किलोची वस्तू दोन मीटरवरून पडावी तेवढी. पंख मोडला तर डिंकाने चिकटवून अर्ध्या तासात विमान पुन्हा हवेत. चूक स्वस्त झाली की मूल निर्भयपणे शिकते. गुरुत्वमध्य बोटभर मागे नेला तर काय होते, शेपटीचा कोन बदलला तर काय होते, हे ते स्वतः करून पाहते.

कोकणपट्टीत वारा हाही एक शिक्षक आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत सकाळी हवा शांत असते. दुपारी समुद्रावरून वारे सुटले की हेच हलके विमान पतंगासारखे भरकटते. खारे वारे आणि मतलई वारे हा भूगोलातला धडा एका सकाळ-दुपारीत पटतो. दोन सावधगिऱ्या मात्र अटळ आहेत. फिरणारा प्रोपेलर बोट कापू शकतो. आणि चेपलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती चार्ज करताना मोठ्या माणसाने समोर बसावे.

पनवेलचे आकाश

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात सुमारे ६० मीटर उंचीपर्यंतच मोकळीक आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. पनवेल शहर या ८ किमीच्या आत येते. नियम योग्यच आहे. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत अर्ध्या किलोची वस्तूही धोकादायक ठरते; लहान विमानाची बॅटरी आणि मोटर या काही थर्मोकोलच्या नसतात.

पण याचा परिणाम असा होऊ नये की पनवेलची मुले रोज डोक्यावरून विमाने जाताना पाहतील आणि स्वतःच्या हाताने एकही उडवणार नाहीत. हाताने फेकायचा ग्लायडर शाळेच्या सभागृहातही उडतो, आणि पेनोचे १६ ग्रॅमचे विमान आठवीच्या मुलांना रबर व कागद वापरून बनवता येते. रेडिओच्या विमानासाठी केंद्र सरकारचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहून १२ किमीपलीकडची जागा निवडावी, शेतमालकाची संमती घ्यावी आणि वर्षातून एक-दोन सकाळी मुलांना तेथे न्यावे. सहलीच्या खर्चात हे बसते. जाताना वजनकाटा, मोजपट्टी आणि घड्याळ बरोबर असावे. प्रत्येक उड्डाणाचे वजन, अंतर आणि वेळ मुलांनी वहीत लिहावी. दीडशे वर्षांपूर्वीचे एक उड्डाण आज आपण खात्रीने सांगू शकतो, ते अशाच नोंदींमुळे.