खानदेशातील डोंगरदृश्यांचे छायाचित्रण
खानदेशाच्या उत्तर व दक्षिण सीमांवरील डोंगररांगांची, निरनिराळ्या ऋतूंत व निरनिराळ्या प्रहरी घेतलेली छायाचित्रे आणि त्यांचा इतिहास. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशातून तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा–अजिंठा रांग आहे. हिमालयाच्या मानाने हे डोंगर ठेंगणे असले, तरी भारतातील छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांना स्थान आहे. त्यांची जुनी चित्रे पुष्कळदा त्या काळच्या अरण्याचा पुरावा म्हणून दाखविली जातात. तो पुरावा कितपत ग्राह्य मानावा, हे ठरविण्यासाठी प्रथम येथील प्रकाशाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

खानदेश सुमारे २१° उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यानंतर असा वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४५° उंचीवर दक्षिणेस असतो. तापीकाठच्या मैदानात उभे राहून उत्तरेकडे पाहिले, तर सातपुड्याची दक्षिणाभिमुख उतरण हिवाळ्यात दिवसभर उजळलेली दिसते. उलट अजिंठा रांगेचा खानदेशाकडे वळलेला उत्तरेचा उभा कडा त्याच दिवसांत छायेत बुडालेला असतो. वर्षातील सर्वांत स्वच्छ हवा पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत लाभते आणि नेमक्या त्याच काळात दक्षिणेची रांग एखाद्या काळ्या भिंतीसारखी भासते. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येच्या बाजूस उगवतो व वायव्येच्या बाजूस मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ या कड्यावर तिरपे ऊन पडते. पण तेव्हा हवेत धूळ असते. छायाचित्रकाराला अशा रीतीने स्वच्छ हवा आणि उजळ कडा यांपैकी एकाचीच निवड करावी लागते.

दोन्ही रांगांतील खडक मुख्यतः बेसाल्टचा असून लाव्ह्याचे थर एकावर एक साचल्याने डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला आहे. माध्यान्हीच्या उन्हात या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. तिरप्या उन्हात प्रत्येक थराच्या कडेखाली सावलीची रेघ उमटते. साग, सालई, अंजन, पळस यांचे हे वन पानझडी असल्यामुळे फाल्गुनातील व श्रावणातील एकच टेकडी दोन वेगळ्या ठिकाणांसारखी दिसते.

या प्रदेशाच्या छायाचित्रणाचा आरंभ अजिंठ्याच्या दरीत झाला. लेणी प्रशासकीय दृष्ट्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात असली, तरी लेण्यांपुढून वाहणारी वाघूर नदी उत्तरेकडे उतरून खानदेशात तापीस मिळते आणि लेण्यांकडे जाण्याचा एक प्रमुख मार्ग जळगावावरून आहे. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल (१८०४–७९) याची १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. तैलरंगांतील या कामात त्याची सुमारे दोन दशके गेली. दरम्यान १८५६ च्या सुमारास तो छायाचित्रणाकडे वळला. लेण्यांबरोबरच दरीची समग्र दृश्ये, आसपासची मंदिरे आणि शिकारीतील प्राणी असे विविध विषय त्याने टिपले. एकाच दृश्याची दोन किंचित भिन्न कोनांतून घेतलेली चित्रे स्टिरिओस्कोपमधून पाहिली असता खोलीचा भास होतो. या पद्धतीचा त्याने विशेष वापर केला. वास्तुशास्त्राचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली.

डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागून तेथे मांडलेली गिलची बहुतेक तैलचित्रे नष्ट झाली. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्याने केलेल्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. रंगीत काम दोनदा अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले, पण छायाचित्रे मूळ एका ठशावर अवलंबून नसल्याने टिकली. गिल १८७९ मध्ये मृत्यू पावला. त्याची कबर भुसावळ येथे आहे. गिल व पारो यांची प्रेमकथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. छायाचित्रकार गिल त्या मानाने उपेक्षित राहिला.

त्या काळी ओल्या काचेची कलोडियन पद्धत रूढ होती. काचेवर कलोडियनचा लेप देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवीत आणि लेप ओला असतानाच चित्र घेऊन तत्काळ अंधाऱ्या तंबूत विकासन करीत. कलोडियनमध्ये ईथर असल्याने उष्ण हवेत तो झपाट्याने सुकतो. सॅम्युएल बोर्न याने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात याच पद्धतीने काम केले. काचा, रसायने व तंबू वाहण्यासाठी त्याला हमालांचे तांडे लागत. पण निदान थंड हवा त्याच्या बाजूची होती. अजिंठ्याच्या परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो.

याहून महत्त्वाची मर्यादा वर्णसंवेदनाची होती. हा लेप निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रामुख्याने प्रतिसाद देई; हिरवा अत्यल्प आणि तांबडा जवळजवळ नाहीच. परिणामी निळे आकाश व पांढरे ढग सारखेच कोरे उमटत आणि झाडी काळवंडलेली दिसे. उघडझाप लांब असल्याने धबधब्याचे पाणी धुक्यासारखे पसरे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील चित्रात डोंगर गडद दिसतो, एवढ्यावरून तेथे निबिड अरण्य होते असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. विरळ झुडपेही त्या काचेवर काळीच उमटत, आणि उत्तरेचा कडा असेल तर सावलीची भर पडे. याउलट झाडांच्या कडा, खोडांतील अंतर, कड्यावरील मोकळा खडक यांवरून केलेले वाचन बरेच विश्वसनीय ठरते. सातपुड्यातील जंगल विरळ झाले हे खरेच आहे. पण ते किती झाले, हे जुन्या चित्रातील काळेपणा मोजून सांगता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. त्यांच्यापुढे पिवळा किंवा तांबडा फिल्टर लावून आकाश गडद व ढग उठावदार करता येऊ लागले. आषाढातील ढगांचे चित्रण त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाले. १९३५ नंतर रंगीत फिल्मचा प्रसार होऊ लागला आणि पळसाचा तांबडा रंग, जो पूर्वी केवळ काळा डाग होता, चित्रात आला. तोरणमाळचे पठार, यावल अभयारण्याचा परिसर, चाळीसगावजवळचा पाटणादेवीचा डोंगर ही आता छायाचित्रकारांची नेहमीची ठिकाणे आहेत. तेथील बहुतेक धबधबे पावसाळ्यानंतर लवकरच आटतात, त्यामुळे भरलेला धबधबा आणि निरभ्र आकाश यांचा योग थोड्याच दिवसांचा असतो.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–८९) यांचे कार्य या इतिहासात अगदी वेगळे आहे. मुंबईत जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतलेल्या मूस यांनी चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील बंगल्यात सुमारे अर्धशतक जवळजवळ एकांतवासात काढले. त्यांच्या या एकांतवासाविषयी अनेक आख्यायिका आहेत. ते चित्रकार व शिल्पकारही होते. तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः टेबल-टॉप छायाचित्रणावर आधारलेली आहे. या प्रकारात घरातील साध्या वस्तूंची टेबलावर मांडणी करून तिला दिव्यांच्या योजनेने खऱ्या दृश्याचे रूप दिले जाते. कॅमेऱ्याला वस्तूचे मूळ आकारमान कळत नाही. दिव्याची उंची, सावलीची लांबी आणि दूरच्या भागाचा फिकेपणा यांवरूनच पाहणारा अंतर ठरवितो. दिवा खाली आणला की तिन्हीसांज होते, पांढऱ्या प्रकाशावर झिरझिरीत पडदा धरला की धुके पडते. अशा मांडणीला लबाडी म्हणणारे टीकाकार जगभर आढळतात. परंतु मूस यांनी आपली पद्धत लपविली नाही, आणि डोंगर पाहताना डोळा कोणत्या खुणांवर विसंबतो हे या चित्रांतून जितके स्पष्ट होते, तितके प्रत्यक्ष डोंगराच्या चित्रांतून क्वचितच होते.

मूस यांच्या पश्चात त्यांचा बंगला संग्रहालय म्हणून जतन करण्यात आला असून त्यांची छायाचित्रे तेथे पाहावयास मिळतात. पाटणादेवीचा डोंगर तेथून सुमारे १८ किमी. अंतरावर आहे.