‘शीळ’ आणि तबकडी

ज्या लोहमार्गानें वऱ्हाडच्या कापसास जगाची बाजारपेठ दाखविली, त्याच लोहमार्गानें वऱ्हाडांत फोनोही आणला. मुंबईहून निघालेला हा मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यान जीं कापसाचीं गांवें त्याच्या आधारानें नांवारूपास आलीं, त्यांपैकीं धामणगांव हें एक. ‘रेल्वे’ हा शब्द तर त्या गांवाच्या नांवासच कायमचा जोडला गेला. तेथून रुईच्या गांठी मुंबई बंदराकडे जात, आणि उलट दिशेनें कापड, घासलेट, घड्याळें व शिवणाचीं यंत्रें येत. विसाव्या शतकाच्या आरंभीं या मालांत कर्ण्याच्या फोनोची व लाखेच्या काळ्या तबकड्यांची भर पडली. व्यापारी, वकील व अंमलदार यांच्या घरीं तो प्रथम आला. मागाहून मध्यम स्थितीच्या गृहस्थांनींही काटकसर करून तो घेतला.

आरंभींच्या तबकड्यांवर मराठी घरांस ऐकावयास मिळे तें मुख्यतः नाटकांतील पदें, ख्याल, ठुमरी व भजनें. वऱ्हाडच्या मातींतील कविता त्यांवर नव्हती. ती कशी आली आणि तिनें काय घडविलें, हें पाहूं गेल्यास एकाच सालीं जन्मलेल्या दोन वऱ्हाडकरांची हकीकत सांगावी लागते.

त्यांपैकीं पहिले कवि ना. घ. देशपांडे. १९०९ सालीं बुलढाणा जिल्ह्यांत त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनीं मेहकरास वकिली केली, व जन्मभर ते तेथेंच राहिले. दुसरे गोविंदराव जोशी, म्हणजेच रसिकांच्या तोंडीं रुळलेले जी. एन. जोशी. यांचाही जन्म १९०९ मधीलच, आणि तोही त्याच जिल्ह्यांतील खामगांवीं. शिक्षण यांचेंही कायद्याचेंच. एकानें वकिली सांभाळून कविता लिहिली. दुसऱ्यानें गाण्यासाठीं वकिलीचा मार्ग सोडला. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जोशी यांनीं स्वतः चाल लावून गाइली, आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीनें तिची तबकडी काढली. मराठी भावगीताच्या इतिहासांत या तबकडीचें स्थान अगदीं अग्रभागीं आहे. जे. एल. रानडे यांच्यासारख्या गायकांनीं कविता गाण्याची वाट आधीं पाडलेली होती. त्या वाटेचा राजरस्ता होण्यास ‘शीळ’ फार मोठ्या प्रमाणांत कारण झाली.

हें यश केवळ गोड गळ्याचें होतें असें मानणें बरोबर होणार नाहीं. त्यामागें यंत्राचाही वांटा होता. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरविलें गेलें, त्या वेळीं गायकास मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून खडा आवाज लावावा लागे. हळुवार उच्चार, श्वासाचा कंप, शब्दावरचा सूक्ष्म भार हें सारें त्या कर्ण्यांत विरून जाई. १९२५ च्या सुमारास अमेरिकेंत विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. मग कानाशीं बोलल्यासारखें गाणें शक्य झालें. बिंग क्रॉस्बी यांच्यासारख्या गायकांची कीर्ति तिकडे या नव्या यंत्रावरच उभी राहिली. इकडे याच सोयीचा लाभ मराठी भावगीतास मिळाला. शब्द ऐकूं येणें हाच ज्या गाण्याचा प्राण, तें गाणें मायक्रोफोनच्या आधीं जन्मास येतें तरी कसें?

दुसरी गोष्ट वेळेची. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, व तिच्या एका बाजूवर सुमारें तीन-सव्वातीन मिनिटांचेंच गाणें मावे. ख्यालगायकास ही मर्यादा जाचक वाटे. ज्या रागाच्या विस्तारास तास पुरत नसे, तो तीन मिनिटांत कोंबावा लागे. कवितेस मात्र ती अगदीं बेताची झाली. चार-पांच कडवीं, एक सोपी चाल, मध्यें वाद्यांचे दोन-चार तुकडे, आणि संपलें. ऐकणाऱ्यास पुनः ऐकावेंसें वाटे. तो चावी देई, सुई बदली आणि तबकडी पुनः लावी. अशा रीतीनें कविता पाठ होऊन जाई. शाळेंत जें छडीनें साधत नसे, तें फोनोनें सहज साधलें.

‘शीळ’ या गीतांत रानांतून येणारी शीळ आहे, आणि ती ऐकून व्याकुळ झालेल्या खेड्यांतील स्त्रीचें मन आहे. तिची भाषा माजघरांतल्या बोलण्याइतकी साधी. संस्कृत समासांनीं लदलेल्या कवितेची संवय झालेल्या कानांस ही भाषा नवी वाटली, आणि तरीही ती आपल्याच घरची आहे हें पटलें. त्या काळीं प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनीं गाण्याच्या बैठकीस जाणें फारसें प्रशस्त मानीत नसत. तबकडीनें बैठकच घरांत आणली. दिवाणखान्यांत लागलेली तबकडी स्वयंपाकघरांत ऐकूं जाई, आणि जेथें पुस्तक पोहोंचत नव्हतें, तेथें कवि पोहोंचला.

येथेंच या हकीकतीचें मर्म आहे. ना. घ. देशपांडे यांचा पहिला काव्यसंग्रह १९५४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याचें नांवही ‘शीळ’ असेंच ठेवण्यांत आलें. म्हणजे गीत लोकांच्या ओठीं रुळल्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं कवीचें पुस्तक निघालें. तोंपर्यंत मेहकरच्या या कवीची ओळख महाराष्ट्रास जी झाली, ती मुख्यतः मासिकांच्या पानांवरून व जोशी यांच्या तबकड्यांवरून. पुढें ‘अभिसार’ हा संग्रह १९६३ सालीं आला, आणि ‘खूणगांठी’ या संग्रहास १९८६ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. कवीचें निधन २००० सालीं झालें. प्रसिद्धीच्या मागें न लागतां एका तालुक्याच्या गांवीं राहिलेल्या माणसाचा शब्द घरोघर नेण्याचें काम त्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या त्याच्या समवयस्क गायकानें केलें, ही वऱ्हाडच्या वाङ्मयांतील भाग्याची गोष्ट होय.

जोशी यांनीं देशपांड्यांचीं ‘नदीकिनारीं’ वगैरे अन्य गीतेंही गाइलीं. गंगूबाई हनगल यांच्यासमवेत त्यांचीं द्वंद्वगीतेंही निघालीं. त्या वेळीं कंपनीनें गंगूबाईंचें नांव तबकडीवर ‘गांधारी’ असें छापलें होतें. पुढें ज्यांनीं किराणा घराण्याचें ख्यालगायन देशभर गाजविलें, त्यांच्या कोवळ्या वयांतील आवाज मराठी रसिकांस या तबकड्यांवर सांपडतो. कन्नड मातृभाषेच्या गायिकेनें वऱ्हाडच्या गायकाबरोबर मराठी प्रेमगीत गावें, हा योग तबकडीच्या व्यवसायानेंच जुळवून आणला.

गायक म्हणून नांव झालें असतां जोशी यांच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. १९३८ च्या सुमारास ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनींत ध्वनिमुद्रण करविणारे अधिकारी म्हणून दाखल झाले, आणि पुढचीं अनेक वर्षें त्यांनीं कांचेच्या पलीकडे बसून इतरांचें गाणें टिपलें. बडे गुलाम अली खां, अमीर खां यांसारख्या थोर गायकांच्या ध्वनिमुद्रणाशीं त्यांचा निकट संबंध आला. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. कलावंताची लहर सांभाळावयाची, घड्याळाचा कांटा त्यास जाणवूं द्यावयाचा नाहीं, आणि तरीही ठरलेल्या मिनिटांत रागाचें स्वरूप पुरें उतरवून घ्यावयाचें. स्वतः गायक असल्यामुळें कोठें थांबावें व कोठें पुढें जाऊं द्यावें, हें त्यांस कळत होतें.

लांब वेळ वाजणारी तबकडी आल्यावर तीन मिनिटांचें बंधन सुटलें, आणि जोशी यांनीं त्या सवडीचा उपयोग करून घेतला. १९६७ सालीं निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांच्याच देखरेखीखालीं तयार झाली. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मीरच्या दरींतील एका दिवसाचें चित्र प्रहराप्रहराच्या रागांनीं उभें केलेलें आहे. ही तबकडी युरोप-अमेरिकेंतही आवडीनें ऐकली गेली. ज्या माणसानें रानांतील शीळ मराठी घरांत नेली, त्यानेंच दरींतील बांसरी जगास ऐकविली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आपल्या आठवणी त्यांनीं ‘स्वरगंगेच्या तीरीं’ या पुस्तकांत लिहून ठेविल्या. १९८४ सालीं त्या इंग्रजींतही निघाल्या. १९९४ सालीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या स्वतःच्या आवाजांतील तबकड्या हा त्यांच्या कामाचा एक लहान भाग होय. मोठा भाग इतरांच्या नांवें आहे. गायकाचें नांव तबकडीवर ठळक छापलें जाई. कवीचें नांव कधीं बारीक अक्षरांत असे, कधीं नसेही. आणि ध्वनिमुद्रण करविणाराचें नांव त्या काळीं बहुधा नसेच. वस्तुतः गाणें या तिघांच्या मेळानें उभें राहतें. जोशी हे कांहीं गीतांत गायक व चाल लावणारे होते, आणि इतर असंख्य गीतांत केवळ अज्ञात साहाय्यक. दोन्ही ठिकाणीं त्यांची निष्ठा एकच राहिली.

नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें, आणि तबकडीवरील गीतांस आणखी एक वाहन मिळालें. फोनो पुढें माळ्यावर गेला. परंतु लाखेची तबकडी ठिसूळ. हातांतून सुटली कीं तिचे तुकडे होतात, आणि उन्हांत राहिली कीं वांकते. वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांत, धान्याच्या कणगीशेजारीं किंवा माळ्यावरच्या ट्रंकेंत, अशा तबकड्या अजूनही निघतात. घर विकलें जातें, सामान भंगारांत जातें, आणि त्याबरोबर एखादा आवाजही कायमचा जातो. ज्यांच्या घरीं अशी ट्रंक असेल, त्यांनीं ती एकदां उघडून पाहावी. तबकडी पुसावी, तिच्यावरचीं नांवें वहींत उतरून घ्यावीं, आणि गायकाच्या नांवाशेजारीं कवीचें नांव शोधून लिहावें. मेहकरच्या कवीस जें पुस्तकानें उशिरा दिलें, तें तबकडीनें आधीं दिलें होतें. त्या तबकडीचें एवढें ऋण फेडणें कोणत्याही घरास अवघड नाहीं.