लाख कोणत्या स्पिरिटात विरघळवायची?

आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञान सोडून सुतारकाम कधीपासून? तर विषय सुतारकामाचाच आहे. लाकडाला पॉलिश करायचं, त्यासाठी लाखेचा चपडा अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, तर तो अल्कोहोल कोणता घ्यावा? एवढाच प्रश्न. पण गंमत अशी, की गेली पावणेदोनशे वर्षं या प्रश्नाचं उत्तर सुतारानं दिलेलं नाही. रसायनशास्त्रज्ञानंही अर्धंच दिलं. खरं उत्तर दिलं ते करवसुली करणाऱ्या खात्यानं. आणि त्या उत्तराची किंमत काही कारागिरांनी डोळे देऊन मोजली. हे मी अलंकारिक बोलत नाही, पुढे कळेलच.

आधी वस्तू काय आहे ते बघू. लाख हा किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हा किडा राहतो. झारखंड, छत्तीसगड हे त्याचे मोठे प्रदेश. फांद्यांवरची लाख खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्र्यासारखी ओढून तिचे तुकडे करतात. तोच चपडा. आपल्याकडे लाख वापरायची जुनी रीत उष्णतेची आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवा. चरकावर लाकूड फिरत असतं, त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची, घर्षणानं ती वितळते आणि लाकडावर बसते. बांगड्या, मोहोर, सगळीकडे उष्णता. महाभारतातल्या लाक्षागृहाचं तर सगळं कथानकच लाख आणि आग यांवर उभं आहे. स्पिरिटात विरघळवलेली लाख हा फर्निचरचा मोठा व्यवसाय झाला तो युरोपात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात फ्रेंच पॉलिश इंग्लंडात रुळलं. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळायचा, पातळ द्रावणात भिजवायचा, तेलाचा थेंब लावून लाकडावर गोल गोल फिरवायचा. एकावर एक पातळ थर. लाख आपली, रीत त्यांची. नंतर तीच रीत बोटीनं मुंबईला परत आली.

आता द्रावक. त्याचं काम काय? लाख विरघळवायची, तिला लाकडापर्यंत पोचवायचं आणि स्वतः मागे काही न ठेवता निघून जायचं. साध्या पाण्यात लाख विरघळत नाही, टर्पेंटाइनमध्येही नाही. अल्कोहोलात विरघळते. त्यात पहिला इथेनॉल, म्हणजे धान्याचा, द्राक्षाचा, मळीचा, जो माणूस पितो तो. तो ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा मिथेनॉल. लाकूड बंद भांड्यात तापवलं की निघणाऱ्या वाफेतून तो पूर्वी काढत, म्हणून त्याला वुड अल्कोहोल म्हणत. तो ६५ अंशाला उकळतो, म्हणजे लवकर उडतो. तिसरा आयसोप्रोपिल. तो ८२ अंशाला उकळतो, जरा रेंगाळतो. कारागिराच्या दृष्टीनं बघाल तर इथेनॉल सर्वांत सोयीचा. बोळा फिरवायला पुरेसा वेळ देतो, आणि पुढचा थर द्यायला फार थांबावंही लागत नाही. मिथेनॉलही लाख उत्तम विरघळवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

पाण्याचंही सांगून टाकतो. नेहमीच्या ऊर्ध्वपातनानं इथेनॉल फार तर ९५-९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध होतो, उरलेलं पाणी त्याला धरून बसतं. एवढं पाणी चालतं. त्याहून वाढलं की पॉलिशवर पांढरी झाक येते. पावसाळ्यात पॉलिशवाले काम धरत नाहीत त्याचं कारण हेच. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं. शिवाय लाखेचं द्रावण साठवून ठेवू नये. लाखेतली आम्लं आणि अल्कोहोल यांची हळूहळू प्रक्रिया होते, आणि वर्षभर जुन्या द्रावणाचा थर चिकट राहतो, कडक होतच नाही. जुन्या कारागिरांना हे रसायन माहीत नव्हतं, पण लागेल तेवढंच कालवायचं हे माहीत होतं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता मध्ये सरकार येतं.

इंग्लंडात दारूवरचा कर हा तिजोरीचा मोठा आधार. पण कर ठरतो द्रवावर. पिणाऱ्याच्या पेल्यातला इथेनॉल आणि पॉलिशवाल्याच्या बाटलीतला इथेनॉल यांत फरक कसा करायचा? पदार्थ एकच, फक्त हेतू वेगळा. आणि हेतू मोजायचं माप जकात नाक्यावर नसतं. मग सरकारनं तीन रसायनशास्त्रज्ञांना विचारलं: टॉमस ग्रॅहम, हॉफमन आणि रेडवुड. साधी माणसं नव्हेत ही, त्या काळची पहिल्या रांगेतली. त्यांनी सुचवलं, की इथेनॉलमध्ये दहा टक्के वुड नॅप्था, म्हणजे अशुद्ध मिथेनॉल, मिसळा. चव आणि वास इतका वाईट होतो की कोणी पिणार नाही, पुन्हा वेगळं काढणं कठीण, आणि पॉलिशच्या कामात मात्र काही अडत नाही. १८५५ साली कायदा झाला आणि ‘मेथिलेटेड स्पिरिट’ जन्माला आलं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही जे ‘स्पिरिट’ मागितलं जातं, त्याचा हा पूर्वज.

मला हा तोडगा बौद्धिक दृष्ट्या फार सुंदर वाटतो, हे कबूल केलं पाहिजे. हेतू मोजता येत नाही ना? मग हेतू पदार्थातच कालवा! न्यायशास्त्रात आपण ‘उपाधी’ म्हणतो. वस्तू तीच, पण बाहेरून चिकटलेल्या गोष्टीमुळे ती वेगळी भासते. इथे सरकारनं बाजारातून उपाधी विकत आणून पिंपात ओतली.

अमेरिकेनं मात्र हे केलं नाही, आणि तिथली कथा जास्त दुःखद आहे. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली तिथं मद्यार्कावर कर बसला आणि तो वाढत गेला. उद्योगासाठी सवलत जवळजवळ नाहीच. वुड अल्कोहोल पिण्याचा पदार्थ नाही, म्हणून त्यावर हा कर नव्हता. मग लाख विरघळवणाऱ्यांनी काय केलं असेल? स्वस्त तो घेतला. पुढे त्याचा घाण वास काढून टाकायची युक्ती सापडली आणि ‘कोलंबियन स्पिरिट’ अशा सभ्य नावांनी तो विकला जाऊ लागला. इंग्लंडात वाईट वास हा सावधगिरीचा इशारा होता. इथे तो इशाराच पुसून टाकला, विष तसंच ठेवलं.

मिथेनॉल शरीरात गेला की त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं. आणि त्यासाठी प्यावंच लागतं असं नाही, कोंदट जागेत श्वासावाटेही तो पुरेसा जातो. बिअरच्या कारखान्यांत मोठमोठी लाकडी पिंपं असत. त्यांना आतून लाखेचं वार्निश द्यावं लागे. माणूस वरच्या तोंडातून आत उतरायचा, हातात ब्रश, भोवती चारी बाजूंनी उडणारा मिथेनॉल, वारा नाही. असे कामगार आंधळे झाले, काही मेले. १९०४ साली फ्रँक बुलर आणि केसी वुड या दोन नेत्रवैद्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात वुड अल्कोहोलमुळे आलेल्या अंधत्वाची आणि मृत्यूंची दोनशेहून अधिक प्रकरणं गोळा करून मांडली. त्यात पिणारे होते आणि केवळ काम करणारेही होते. म्हणजे बघा, पिंपातल्या त्या माणसाला मिथेनॉल हवाच होता असं नाही. लाखेला इथेनॉल चालला असता, किंबहुना बरा पडला असता. मिथेनॉल तिथं होता तो करामुळे.

१९०६ च्या जून महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विकृत केलेला अल्कोहोल करमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली, १ जानेवारी १९०७ पासून तो लागू झाला. विकृत करायचा कशानं? शंभर भाग इथेनॉलला दहा भाग मिथेनॉल आणि अर्धा भाग बेंझिन! मिथेनॉल दारातून गेला आणि खिडकीतून परत आला. तरी शंभर टक्क्यांवरून दहावर येणं ही कामगाराच्या दृष्टीनं मोठीच सुधारणा, हे नाकारू नये.

पुढची पायरी दारूबंदीच्या काळातली. लोक औद्योगिक अल्कोहोल चोरून शुद्ध करून पिऊ लागले, तेव्हा १९२६ च्या अखेरीस सरकारनं त्यातलं मिथेनॉल वाढवायचं ठरवलं. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकारी चार्ल्स नॉरिस यांनी उघड आरोप केला, की लोक पिणार हे ठाऊक असूनही सरकार विष घालतं आहे. दारूबंदीचे पुढारी वेन व्हीलर यांचं म्हणणं असं, की जो हे पितो तो जाणूनबुजून जीव देतो, दोष त्याचाच. मी व्हीलरच्या बाजूचा नाही. कडू औषध घालून पिणाऱ्याला परतवणं वेगळं, आणि पिऊन झाल्यावर त्याला शिक्षा व्हावी अशी व्यवस्था करणं वेगळं. कडवटपणा आधी सांगतो. मिथेनॉलचा परिणाम कित्येक तासांनी कळतो, म्हणजे तो इशारा म्हणून निरुपयोगी आहे. १९५८ साली एडिंबरामध्ये डेनाटोनियम हा अतिशय कडू पदार्थ सापडला आणि त्याचा थोडासा अंशही स्पिरिट पिण्याजोगं ठेवत नाही. म्हणजे विषाशिवाय मार्ग होता. फक्त तो शंभर वर्षं उशिरा मिळाला.

आता आपल्याकडे या. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. तो महाराष्ट्रात अजून चालू आहे, नाव तेवढं बदललं. त्यातल्या व्याख्या काढून वाचा. विकृत मद्यार्कापासून केलेले पदार्थ म्हणजे काय हे सांगताना तिथं फ्रेंच पॉलिश आणि वार्निश यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. कायदा करणाऱ्याला पॉलिशची आठवण का व्हावी? कारण लोक पॉलिशही पीत. लाख बाजूला काढायची आणि खालचं स्पिरिट प्यायचं. गरिबाची दारू. त्यात मिथेनॉल असो, काही असो. आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती विषारी दारूतल्या मिथेनॉलनं. तिथं पॉलिशचा संबंध नाही, पण द्रव तोच.

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा. औद्योगिक अल्कोहोल हे ‘मादक पेय’ आहे की नाही? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं, नाही. पिण्याजोगं तेवढंच मादक पेय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक असं ते फिरवलं. औद्योगिक अल्कोहोलही त्या शब्दात येतं, म्हणून राज्यांना त्याचं नियमन करता येईल. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. तार्किकांच्या भाषेत वाद लक्षणाचाच. एका बाजूला अव्याप्तीची भीती, म्हणजे पिण्याकडे वळू शकणारा द्रव सुटेल. दुसऱ्या बाजूला अतिव्याप्ती, म्हणजे सुताराची बाटलीही दारूत मोजली जाईल. ग्रॅहम आणि हॉफमन यांच्या पुढ्यात हाच प्रश्न पिंप घेऊन उभा होता.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: कोविडच्या वेळचं सॅनिटायझर घरात पडून आहे, त्यात चपडा विरघळवला तर? नको. त्यात पाणी पंचवीस-तीस टक्के असतं, वर ग्लिसरीन. थर पांढरा पडेल आणि चिकट राहील. ९९ टक्के आयसोप्रोपिल मिळालं तर चालेल, फक्त वाळायला जास्त वेळ द्या. नाहीतर दुकानातून स्पिरिट आणा. पण डब्यावर मिथेनॉलचं प्रमाण लिहिलंय का ते आधी बघा, आणि फार असेल तर घेऊ नका. लिटरला साधारण अडीचशे ग्रॅम चपडा धरा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी गाळून घ्या. काम करताना दारंखिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास पेटती शेगडी नको. आणि कृपा करून ते पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात मुलं असतात.