वेगाचे बखरकार

इतिहास जेत्यांचा असतो, असें म्हणण्याची पद्धत आहे. शर्यतीच्या इतिहासाला तर हें वचन अक्षरशः लागू पडावें. कारण तिच्या नोंदवहींत पहिल्याचें नांव ठळक, आणि बाकीच्यांची केवळ यादी. असें असतां, धंदेवाईक मोटारसायकल-शर्यतींवर 1971 पासून जे उत्तम अनुबोधपट निघाले, ते क्रमानें पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. या चित्रपटांनीं जेत्याकडे बहुधा पाठ फिरविली आहे. असें कां व्हावें, याचा थोडा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

पहिलें कारण कॅमेऱ्याच्या स्वभावांत आहे. वेग ही त्याला सहजासहजीं सांपडणारी वस्तु नव्हे. दुरून पाहिलें तर यंत्र मुंगीसारखें सरकतें. जवळून पाहिलें तर पापणी लवण्याच्या आंत निघून जातें. ब्रूस ब्राउन या अमेरिकन दिग्दर्शकानें 1971 सालीं ‘ऑन एनी संडे’ हा चित्रपट काढला, तेव्हां त्याला स्वारांच्या शिरस्त्राणावर कॅमेरा बसवावा लागला आणि अनेक प्रसंगीं चित्राची गति मंद करावी लागली. वेग दाखविण्यासाठीं तो आधीं रोखावा लागतो. आणि रोखला कीं वेगाच्या जागीं माणूस दिसूं लागतो.

त्या चित्रपटांतील असा एक माणूस म्हणजे मर्ट लॉविल. 1969 सालीं तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता ठरला होता. चित्रपटांत दिसतो तो मात्र 1970 चा हंगाम; त्यांत त्याचें यंत्र वारंवार दगा देतें आणि पहिला क्रमांक जीन रोमेरोकडे जातो. ब्राउन याबद्दल रडगाणें गात नाहीं. लॉविल, माल्कम स्मिथ आणि प्रसिद्ध नट स्टीव्ह मॅक्वीन हे तिघे अखेरीस समुद्रकांठच्या वाळूंत हौसेनें गाड्या फिरवितात, आणि प्रेक्षक प्रसन्न मनानें उठतो. हार हा खेळाचाच एक भाग, इतकाच येथें तिचा अर्थ.

पुढच्याच वर्षीं, 1972 मध्यें, झेरोम लापेरूझाझ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘कॉन्टिनेंटल सर्कस’नें हा अर्थ पालटला. त्याचा नायक जॅक फिंडले हा ऑस्ट्रेलियन स्वार स्वतःच्या हिंमतीवर युरोपभर शर्यतींमागें भटकत असे. समोर होता एम. व्ही. अगुस्ता या कारखान्याचें बळ पाठीशीं असलेला जाकोमो अगोस्तिनी. 1968 सालीं 500 सी. सी. वर्गांत फिंडले जगांत दुसरा आला. पण पहिला होण्याला कौशल्याइतकाच कारखानाही लागतो, हें या चित्रपटानें उघडें केलें. हारीला आतां अर्थशास्त्र चिकटलें.

पैशापलीकडची किंमत मोजावयास आपणांस आइल ऑफ मॅन या बेटावर जावें लागतें. तेथील टी. टी. शर्यत 1907 सालीं सुरू झाली. सुमारें 37.7 मैलांचा तिचा फेरा वाहत्या रस्त्यांवरून, घरांच्या आणि दगडी भिंतींच्या मधून जातो. त्या मार्गानें आजवर अडीचशेंहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत, आणि 1976 नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंत ही शर्यत राहिली नाहीं. ‘क्लोजर टु दि एज’ (2011) या चित्रपटांत तेथील 2010 च्या शर्यती आहेत. त्या सप्ताहांत इयन हचिन्सननें पांच विजय मिळविले; तरी चित्रपट मागें लागतो तो एकही टी. टी. न जिंकलेल्या गाय मार्टिनच्या. त्याच सप्ताहांत न्यूझीलंडचा पॉल डॉब्स मृत्यु पावला. त्याची विधवा पडद्यावर बोलते, आणि शर्यतीला दोष देत नाहीं. प्रेक्षकाला मात्र त्या शांत बोलण्यापुढें अवघडल्यासारखें होतें.

‘रोड’ (2014) हा उत्तर आयर्लंडमधील डनलॉप घराण्याचा चित्रपट. टी. टी. मध्यें 26 वेळां जिंकलेला जोई 2000 सालीं टालिन येथें शर्यतींत गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट 2008 सालीं ‘नॉर्थ वेस्ट 200’च्या सरावांत गेला. दोनच दिवसांनीं रॉबर्टचा मुलगा मायकेल तेथेंच धांवला आणि जिंकला. येथें जेता आहे, पण टाळी वाजविण्यास हात उठत नाहीं. चित्रपटांत जिवंत दिसणारा दुसरा मुलगा विल्यम 2018 सालीं सरावांतच गेला. आणि 2024 सालीं मायकेलनें चुलत्याचा विक्रम मोडला.

हे चित्रपट मृत्यूचा बाजार मांडतात, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मतें त्याची कसोटी सोपी आहे. जो चित्रपट वळणावरचा अपघात दाखवून पुढच्या शर्यतीकडे वळतो, त्याला हा दोष लागेल. जो अपघातानंतर त्या स्वाराच्या घरीं जातो, तो प्रेक्षकाच्या करमणुकीचा हिशेब त्याच्याच हातीं देतो. तो चुकता करावयाचा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु हिशेब दिसलाच नाहीं, असें त्याला म्हणतां येणार नाहीं.