मोहेंजोदडोची गटारे कोण साफ करत होते?

मागे एका अभ्यासवर्गात आम्ही सिंधू संस्कृतीवर बोलत होतो. पडद्यावर मोहेंजोदडोचा फोटो होता. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना भाजक्या विटांच्या भिंती आणि कडेने जाणारे झाकलेले गटार. साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांकडे सांडपाण्याचे असे नियोजन होते, हे आम्ही नेहमीच्या अभिमानाने सांगत होतो. मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, "हे तुंबलं की आत कोण उतरायचं?"

सगळा वर्ग गप्प झाला. ज्यांच्या घरातला कुणी ना कुणी नगरपालिकेच्या झाडूखात्यात राबला आहे, त्यांना हा प्रश्न आधीच सुचायला हवा होता.

कुणीतरी उतरत होते, एवढे नक्की. गटारावरच्या विटा आणि फरश्या उचलता येतील अशा बसवलेल्या होत्या, गाळ साचावा म्हणून मध्ये मध्ये हौद होते. अर्नेस्ट मॅके यांना उत्खननात गटारांच्या कडेला उपसलेल्या गाळाचे लहान लहान ढीग सापडले. म्हणजे कुणीतरी गाळ वर काढला आणि तो न्यायचा राहून गेला. त्या ढिगाला चार हजार वर्षे झाली. पण तो उपसणारा जन्माने त्या कामाला बांधलेला होता का, की मजुरी घेऊन संध्याकाळी दुसऱ्या कामाला मोकळा होता, हे गाळ सांगत नाही. सिंधू लिपीत सुमारे चारशे चिन्हे आहेत, एकेका लेखात सरासरी पाच. ती आजवर सर्वमान्यपणे कुणालाच वाचता आलेली नाही.

पुरावा जिथे मुका होतो, तिथे जो तो आपल्या तोंडचे शब्द घालतो. मोहेंजोदडोच्या विहिरींजवळ मातीच्या लहान पेल्यांचे ढिगांनी तुकडे सापडले. उत्खनन करणाऱ्यांपैकी काहींना लगेच वाटले, की एकदा वापरलेला पेला विटाळ म्हणून फोडून टाकत असावेत. चहाच्या टपरीवर वेगळा ठेवलेला कप ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या पोटात हे वाचून गोळा येतो. पण थांबा. स्वस्त मातीचा पेला फेकून द्यायला विटाळच कशाला लागतो? विसाव्या शतकातला भारत पाहून आलेल्या माणसाने तो भारत त्या ढिगात पाहिला, एवढेच यातून सिद्ध होते.

नावांचेही तेच. साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा, दाढीवाला, खांद्यावर तिपानी नक्षीचे वस्त्र घेतलेला दगडी पुतळा. त्याला 'पुरोहित-राजा' म्हटले गेले. तो पुरोहित होता याला पुरावा काय? काही नाही. राजवाडा म्हणता येईल अशी निर्विवाद इमारतही तिथे सापडलेली नाही. पण शाळेच्या पुस्तकात हे नाव छापले गेले आणि पिढ्यान् पिढ्यांच्या डोक्यात बसले, की जिथे संस्कृती तिथे वर बसलेला पुरोहित आलाच. १९३१ साली जॉन मार्शल यांनी एका मुद्रेवरच्या बसलेल्या आकृतीला शिवाचे आद्यरूप म्हटले, ते मतही असेच वस्तुस्थिती होऊन बसले. पुढे तर कहर झाला. २००० साली सिंधू लिपी वाचल्याचा दावा करणाऱ्या एका पुस्तकात तुटक्या मुद्रेवरचा बैल संगणकावर घोडा बनून आला. सिंधू संस्कृती वैदिक ठरवायची तर घोडा हवाच ना! त्याच वर्षी 'फ्रंटलाइन'मध्ये त्याची चिरफाड झाली.

इथवर आपण टाळ्या वाजवतो. पुढचे जरा जड जाईल.

आपल्याकडच्या पोस्टमध्येही मोहेंजोदडोच्या स्तूपाचा फोटो टाकून 'सिंधू संस्कृती बौद्धच होती' असे लिहिलेले असते. स्तूप खरा आहे. १९२२ साली राखालदास बॅनर्जी तिथे गेले ते त्या स्तूपापायीच. पण तो कुषाण काळातला आहे, नगर उजाड झाल्यावर सुमारे दोन हजार वर्षांनी त्याच ढिगाऱ्यावर उभा राहिलेला. खालचे नगर इ.स.पू. २६०० ते १९०० मधले आणि बुद्ध त्यानंतर हजारएक वर्षांनी झाले. 'पूर्वी काय घडले ते मी सांगतो, विश्वास ठेवा' असे म्हणणाऱ्यांशी आपले भांडण आहे. मग आपणच तसे म्हणायचे?

दुसरी गोष्ट रक्ताची. राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश नव्हता. तो इकडे नंतर, इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास आला असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातून दिसते. सिंधू लोक वैदिक आर्यच होते, या दाव्याला यामुळे जबर तडा गेला, हे ठणकावून सांगायला हरकत नाही. पण राखीगढीच्या त्या बाईचा वारसा आज या उपखंडातल्या बहुतेक सर्वांमध्ये कमीअधिक आहे. आपल्यात आहे आणि ब्राह्मणांतही आहे. 'सिंधूचे खरे वारस फक्त आम्ही' हे विज्ञान सांगत नाही.

बाबासाहेबांनी हा सापळा फार आधी ओळखला होता. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाचा आणि आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत नाकारला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही असे मांडले आणि तिचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास धरला. त्याआधी, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात, पंचविशीतल्या भीमरावांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवले होते. आता २०१३ चा एक जनुकीय अभ्यास पाहा. ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोकसमूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते, त्यानंतर ही सरमिसळ आटत गेली. म्हणजे विवाहाच्या भिंती सिंधू नगरे पडल्यानंतर पुष्कळ काळाने पक्क्या झाल्या. जात अनादि आहे म्हणणाऱ्यांना यापेक्षा सज्जड उत्तर कोणते? त्यासाठी हडप्पाला बौद्ध ठरवायची गरज नाही.

मग सिंधूचे उरले काय? मॉर्टिमर व्हीलर यांनी इंद्रावर संहाराचा आरोप ठेवला होता. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ साली सांगाड्यांची तपासणी मांडून तो खोडून काढला. पाऊस कमी होत गेला, घग्गर-हाक्रा आटत गेली, लोक पूर्वेकडे आणि गुजरातकडे सरकले, लहान खेड्यांत विखुरले. लिपी गेली, मुद्रा गेल्या, १:२:४ मापाची वीट गेली. लिहिणारे आणि हिशेब ठेवणारे गेले की त्यांच्याबरोबर असे बरेच काही जाते. पण कापूस पिकवणे आणि विणणे राहिले. बैलगाडी राहिली. अकीक भाजून, भोक पाडून मणी करण्याची विद्या गुजरातेत खंबातच्या कारागिरांच्या हातात आजही आहे. ही परंपरा कुठल्या ग्रंथाने सांभाळली नाही. ती सांभाळली त्या हातांना पुढे कोणत्या पायरीवर बसवले, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. उत्तर-हडप्पा काळातल्या लोकांची वस्ती तिथपर्यंत पोचली होती. १९७४ साली एक भिल्ल शेतकरी तिथे झुडपाचे मूळ खणत होता. कुदळीला लागले ते हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. सगळे ओतीव धातूचे, मिळून साठ किलोहून जास्त वजनाचे. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, कारागिरीबद्दल नाही. रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. ओतणाऱ्याला तो तिथे हवासा वाटला असणार.

पुढचा अभ्यासवर्ग आम्ही दायमाबादच्या पांढरीवर घेणार आहोत. सुरुवात त्या मुलीने करायची आहे.