झारचा सेनापती ब्रुसिलॉव्ह

सेनापतीचे चरित्र सांगायला युनियनचा माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. पण अलेक्सेई ब्रुसिलॉव्हचा अभ्यास मला करावासा वाटला तो त्याच्या तयारीच्या पद्धतीमुळे. निम्मी लढाई तयारीतच होते, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

त्याचा जन्म १८५३ साली टिफ्लिस येथला. बाप जनरल. १८७७-७८च्या तुर्की युद्धात तो लढला आणि पुढे वीसेक वर्षे पीटर्सबर्गच्या घोडदळ शाळेत राहिला. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा आठवे सैन्य त्याच्या हाताखाली होते.

खरी हकीकत १९१६ची. आदल्या वर्षी रशियाला पोलंड सोडून मागे हटावे लागले होते. एप्रिलमध्ये मोगिलेव्ह येथे खुद्द झारसमोर सेनापतींची बैठक भरली. कुरोपाटकिन आणि एव्हर्ट चढाईला नाखूष होते. नैर्ऋत्य आघाडीवर नुकताच नेमलेला ब्रुसिलॉव्ह मात्र म्हणाला, मी चढाई करतो.

त्या काळची रीत अशी होती की एका अरुंद जागी तोफा गोळा करायच्या, दिवसचे दिवस मारा करायचा आणि मग पायदळ सोडायचे. घाव कोठे पडणार हे शत्रूला आधीच कळे, आणि तो राखीव फौज तेथे आणून ठेवी. ब्रुसिलॉव्हने चारही सैन्यांना आपापल्या जागा निवडून तयारी करायला लावले. वीस-एक ठिकाणी खणणे सुरू झाले. खंदक पुढे सरकवीत शत्रूच्या अगदी जवळ नेले. ह्यातला खरा हल्ला कोणता, हे शत्रूला कळेना. गिरणीतले एकच खाते थांबले तर मालक बदली कामगार तेथे लावतो. सारी खाती एकदम थांबली तर बदली कोठे कोठे पुरवणार?

४ जूनला हल्ला सुरू झाला. तीन दिवसांत लुत्स्क पडले. ऑस्ट्रियाला इटलीवरची चढाई आवरती घ्यावी लागली, जर्मनांना पश्चिमेकडून फौजा हलवाव्या लागल्या. सुमारे चार लाख कैदी हाती आले.

पण मुख्य घाव एव्हर्टने घालायचा होता, आणि तो चालढकल करीत राहिला. पुढे ब्रुसिलॉव्हही कोवेलच्या दलदलीत पुन्हा पुन्हा त्याच जागी माणसे लोटीत राहिला. जी रीत त्याने मोडली होती तीच! त्याचा दोष एकट्या एव्हर्टवर टाकता येणार नाही. रशियाची हानी कमीत कमी पाच लाख धरतात. काही जण दहा लाख म्हणतात.

१९१७च्या मार्चमध्ये झारने गादी सोडावी अशी तार करणाऱ्यांत तोही होता. जूनमध्ये तो सरसेनापती झाला. जुलैच्या चढाईत मात्र शिपायांच्या समित्या हुकमावर चर्चा करू लागल्या. कित्येक पलटणींनी पुढे जायचे नाकारले. शिपायाला शांतता हवी होती, गावी जमीन हवी होती. ती तयारी कोणत्याही खंदकात होणारी नव्हती. महिनाअखेर त्याच्या जागी कॉर्निलॉव्ह आला.

१९२०च्या मे महिन्यात पोलिश फौजा कीव्हमध्ये शिरल्या, तेव्हा ब्रुसिलॉव्हने जुन्या अधिकाऱ्यांना लाल सैन्यात येण्याचे जाहीर आवाहन केले. परदेशी पळालेल्या सोबत्यांनी त्याला फितूर म्हटले. तो काही बोल्शेविक नव्हता, धर्मनिष्ठ म्हाताराच होता. झार गेला तरी देश उरला, असे त्याने मानले. मला ते फितुरीचे वाटत नाही. १९२६ साली मॉस्कोत तो वारला. लाल सैन्याने लष्करी इतमामाने त्याला नोवोदेविची मठात पुरले.